मोरीतल्या गोमेची फिर्याद कुणाकडे?

पावसाळ्याचे पहिले पंधरा दिवस उलटले की पुण्यातल्या घराघरांत गोमेचा विषय निघतो. न्हाणीच्या जाळीतून एखादी वर येते, वॉशिंग मशीनखाली एखादी दिसते आणि सल्ले सुरू होतात. एक पक्ष म्हणतो, मीठ टाका, फिनाइल ओता, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. दुसरा पक्ष, बहुधा रोज सकाळी टेकडीवर जाणारा, म्हणतो, मारू नका हो, तीही निसर्गाचाच भाग आहे. दोघंही एकमेकांना अडाणी समजतात. मला दोघांचंही म्हणणं सारखंच उथळ वाटतं, कारण दोघांच्या डोळ्यांसमोर फक्त ती गोम आहे. ती ज्या ओलीमुळे आली, ती ओल कुणी बघत नाही.

माझं म्हणणं असं आहे: घरातली गोम हा प्राणिशास्त्राचा प्रश्न थोडा आणि बांधकामाचा जास्त आहे. तिचा बंदोबस्त करणारा माणूस म्हणजे पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला मुलगा नव्हे. तो प्लंबर आहे, गवंडी आहे, आणि नव्या इमारतीत राहत असाल तर तुमचा बिल्डर आहे. हे पटण्यासाठी आधी या प्राण्याच्या शरीराची थोडी माहिती घ्यावी लागेल.

१. आधी ओळख पटवा

‘गोम’ या एका नावाखाली आपण निदान चार वेगवेगळे जीव झोडपतो. पहिला म्हणजे पैसा, काही भागांत त्याला वाणी म्हणतात. गोलसर अंगाचा, संथ, स्पर्श झाला की नाण्यासारखा वेटोळं करून पडून राहणारा. त्याच्या शरीराच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. तो पालापाचोळा खातो. चावत नाही, विष टोचत नाही. फार तर उग्र वासाचा, त्वचेला चुरचुरणारा स्राव सोडतो. मराठवाड्या-विदर्भातल्या शेतकऱ्याला तो सोयाबीन-कपाशीची कोवळी रोपं खातो म्हणून नकोसा असतो. पुण्याच्या फ्लॅटमध्ये खायला रोपं नाहीत, तरी चप्पल बसतेच.

दुसरा वाळा. गांडुळासारखा दिसणारा, चकचकीत काळपट, जवळजवळ आंधळा आणि पूर्ण बिनविषारी साप. पावसाळ्यात तोही मोरीतून वर येतो आणि गोम समजून मारला जातो.

तिसरी, मोरीत खरोखर दिसणारी बारीक गोम. तांबूस किंवा पिवळट, दोऱ्यासारखी लांबट, मातीत राहणारी. ही पुढे जाते तशीच सहज मागेही सरकते. जाळीवर हिला नीट पाहिलं तर डोक्याच्या मिशा फरशीवर सतत टेकत, चाचपत चाललेल्या दिसतात, कारण तिला डोळेच नसतात. हिच्याच नात्यातली ऑर्फनिअस नावाची एक जात अंधारात डिवचली तर हिरवट चमकणारा स्राव सोडते. रात्री मोरीत उजेडाची रेघ दिसली असं कुणी सांगितलं तर त्याला हसण्यात अर्थ नाही.

चौथी घोण, म्हणजे जिच्यामुळे बाकी तिघांना मार खावा लागतो ती. चपटी, दणकट, दहा-बारा सेंटीमीटरची, वेगवान. हिच्या पायांच्या बहुधा एकवीस जोड्या असतात. प्रौढ गोमेच्या जोड्यांची संख्या नेहमी विषमच असते, त्यामुळे ‘शतपाद’ या नावाला जागणारी, मोजून शंभर पायांची गोम सापडायची नाही. हिचं हत्यार डोक्याखाली असतं: पहिल्या पायांच्या जोडीचंच विषाच्या आकड्यांत रूपांतर झालेलं असतं. शेपटीकडचे दोन लांब पाय नांगीसारखे दिसतात खरे, पण विष तिकडे नसतं.

हे ज्ञान काही परदेशातून आणावं लागत नाही. बी. एस. जांगी यांनी १९६६ मध्ये भारतीय घोणीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि १९८४ मध्ये जांगी व दास यांनी दख्खनमधल्या घोणींच्या कुळाचा आढावा प्रसिद्ध केला. झुऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागाचं केंद्र तर आकुर्डीला, हाकेच्या अंतरावर आहे. तरीही शहरातल्या सुशिक्षित घरात या चार जिवांना एकच शिक्षा होते.

२. पाणी न टिकणारं शरीर

आता मुद्द्याचं. गोम हा कीटक नाही. झुरळाच्या किंवा मुंगीच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे त्यांच्या शरीरातलं पाणी सहज उडत नाही. गोमेच्या अंगावर असा भरवशाचा थर नाही. शिवाय श्वासाची छिद्रं गरज नसताना मिटून घेण्याची सोय बहुतेक गोमांना नाही. म्हणजे कोरड्या हवेत ती दर क्षणाला पाणी गमावत असते. तिचं रात्री हिंडणं, फटीत घुसणं, दगडाखाली राहणं, सगळं यातून येतं. मे महिन्यात बंद ठेवलेल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये वाळून काडी झालेली गोम सापडते. तिला कुणी मारलेलं नसतं. मोरीपासून सोफ्यापर्यंतचं अंतर तिला पार करता आलेलं नसतं.

यावरून पावसाळ्यातल्या गोमांचं कोडं सुटतं, आणि नेहमीच्या उत्तरापेक्षा थोडं वेगळं सुटतं. ‘बिळात पाणी शिरतं म्हणून त्या बाहेर पडतात’ हे खरं आहे, पण अर्धंच. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. जुलैत ती ऐंशीच्या आसपास असते. एप्रिलमधली कोरडी फरशी गोमेला वाळवंटासारखी आहे. तीच फरशी जुलैत चालण्याजोगी होते. पावसाळ्यात गोमांची संख्या अचानक फुगते असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा वाढलेला असतो तो त्यांच्या हिंडण्याचा टापू.

तिसरी गोष्ट प्रजननाची. घोणीची मादी अंडी घालून निघून जात नाही. ती अंड्यांभोवती वेटोळं करून कित्येक दिवस बसते, त्यांना बुरशी लागू नये म्हणून चाटून साफ ठेवते, पिल्लं हिंडण्याजोगी होईपर्यंत बहुधा खातही नाही. यासाठी तिला सतत ओलसर, न हलणारी, अंधारी जागा लागते: माती, कुजकं लाकूड, दगडाखालची पोकळी. रोज पुसल्या जाणाऱ्या फरशीवर हे घडू शकत नाही. झुरळाची वीण तुमच्या ओट्याखाली वाढते. गोम बहुधा वाट चुकून आलेली असते. आणि गोमा वारंवार दिसत असतील, तर घरात किंवा घराला लागून कुठेतरी अशी कायम ओली पोकळी आहे असं समजावं.

३. ओल उशाशी आली ती कशी

ती पोकळी आपण स्वतः बांधली आहे. पेठांतल्या जुन्या वाड्यांत न्हाणीघर आणि संडास निजायच्या खोलीपासून दूर, चौकाच्या पलीकडे किंवा मागच्या अंगणात असायचे. वाड्यांचं गुणगान मला करायचं नाही. दगडी जोत्याच्या सांध्यांत गोमा भरपूर असत आणि माणसं जमिनीवर अंथरूण टाकून झोपत, म्हणजे गोम चावण्याची शक्यता तेव्हा जास्तच होती. पण ओल एका बाजूला आणि झोप दुसऱ्या बाजूला ही विभागणी होती. फ्लॅटने ती मोडली. ‘अटॅच्ड बाथरूम’ ही आपण जास्तीचे पैसे मोजून घेतलेली सोय म्हणजे मोरी आणि उशी यांच्यात फक्त एक दार.

त्या बाथरूमच्या फरशीखाली काय असतं हे फार थोड्या घरमालकांना ठाऊक असतं. पाइप बसवण्यासाठी तिथला स्लॅब खाली घेतलेला असतो आणि वरचा खड्डा पुष्कळ इमारतींत विटांच्या तुकड्यांनी, म्हणजे ब्रिकबॅट कोब्याने, भरलेला असतो. वॉटरप्रूफिंग चांगलं असेपर्यंत ठीक. ते फुटलं, किंवा टाइलच्या सांध्यांतलं ग्राउट झिजलं, की रोजच्या आंघोळीचं थोडंथोडं पाणी त्या विटांत मुरत राहतं. अंधार, ओल, विटांमधल्या फटी, वरून टाइलचं झाकण: घोणीने नकाशा काढून दिला असता तर याहून वेगळा काढला नसता. खालच्या मजल्यावरच्या छताला पोपडे येतात ते याच पाण्याने. एकाच गळतीची एक बाजू खालच्या शेजाऱ्याला दिसते, दुसरी वर राहणाऱ्याला.

दुसरी वाट नहाणी ट्रॅपची. ट्रॅपमध्ये साधारण पन्नास मिलिमीटर पाणी उभं राहतं आणि तेच खालच्या पाइपातला वास नि जीव अडवतं. महिनाभर गावाला गेलात, किंवा पाहुण्यांचं बाथरूम वापरात नसलं, की ते पाणी उडून जातं आणि दार उघडं पडतं. जुन्या घरांतल्या मोरीला तर पुष्कळदा ट्रॅपच नसतो. भोक थेट बाहेरच्या गटारावर. गोम मैल्याच्या पाइपात राहते असं लोक समजतात, तसं नाही. ती राहते बाहेरच्या चेंबरच्या कडेच्या मातीत, आणि पाइप वापरते तो येण्याजाण्यापुरता.

तिसरी वाट सोसायटीच्या आवारातून. पार्किंगच्या डोक्यावरची बाग, भिंतीला टेकलेले मातीचे वाफे, पेव्हर ब्लॉकखालची ओली रेती. बावधन, बाणेर, सूस, वारजे या बाजूंना टेकडी कापून बांधलेल्या इमारतींच्या मागे दगडी आधारभिंती असतात आणि त्यांतून पाणी निघायला भोकं ठेवलेली असतात; पावसाळ्यात प्रत्येक भोक एक बीळ. तिथले रहिवासी ‘आमच्याकडे गोमा फार आल्या’ म्हणतात. जाह्नवी जोशी आणि प्रवीण कारंथ या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की दक्षिण भारतातल्या काही गोमांच्या वंशशाखा क्रीटेशस, म्हणजे डायनासोरांच्या काळापर्यंत मागे जातात. वेताळ टेकडीचा काळा पाषाण ज्या लाव्हातून बनला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा कोण कुणाकडे आलं, हे जरा बेताने म्हणावं.

४. भीती किती धरावी

घोण चावली तर दुखतं, चांगलंच दुखतं. आग होते, सूज येते, काही तास कळ राहते, क्वचित एक-दोन दिवस. पण जीव जाण्याचा प्रश्न घेतला तर जगभरच्या वैद्यकीय साहित्यात पुन्हा पुन्हा एकच उदाहरण येतं: फिलिपिन्समधलं सात वर्षांचं मूल, डोक्याला चावा. याच्या शेजारी दोन गोष्टी ठेवून बघा. कोकणातल्या लाल विंचवाने खरोखर मुलं दगावत होती, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून तिथलं चित्र पालटलं. सर्पदंशाने भारतात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसं गेली. आणि तरीही साप निघाला तर पुणेकर सर्पमित्राला फोन करतो. १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिल्यापासून या शहराने सापाबद्दल पुष्कळ शिकून घेतलं. गोमेच्या वाट्याला मात्र अजून मीठ आणि रॉकेलच आहे.

‘कानात शिरून मेंदू खाते’ ही समजूत तर शरीररचनेपुढे टिकतच नाही. कानाची नळी मोठ्या माणसात जेमतेम अडीच सेंटीमीटर असते आणि तिच्या टोकाला पडदा असतो. बारीक गोम कानात गेल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत, ती अत्यंत त्रासदायक असतात, पण ती कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या चिमट्याने सुटतात. घरी काडी घालून उकरणं हाच त्यातला खरा धोका.

चावलीच तर साबणाने जागा धुवावी. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात-पाय बुडवावा किंवा बर्फ लावावा. तैवानमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गरम पाणी, बर्फ आणि वेदनाशामक इंजेक्शन या तिन्हींनी आराम पडला. धनुर्वाताच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारावं. आवळून पट्टी बांधणं, ब्लेडने चिरणं, चुना थापणं, काही नको. श्वासाला त्रास, चेहऱ्यावर सूज, चक्कर, किंवा चावा अगदी लहान मुलाला असेल तर थेट रुग्णालय.

५. औषधाने गेल्या, हा भ्रम

‘आम्ही औषध मारलं आणि गोमा गेल्या’ हा युक्तिवाद फार ऐकायला मिळतो. फवारणी कधी केली विचारा. बहुधा ऑगस्टअखेर. त्यानंतर पाऊस ओसरतो, हवा कोरडी होत जाते, फरशी पुन्हा वाळवंट होते आणि गोमा आपोआप मातीत उतरतात. श्रेय कुणाला, हे पुढच्या जुलैत कळतं.

भिंतीच्या कडेने मारलेलं सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन समोरून जाणाऱ्या गोमेला मारतं, यात शंका नाही. पण कोब्याच्या पोकळीत किंवा बागेच्या मातीत बसलेलीपर्यंत ते पोचत नाही. मोरीत ओतलेला भाग सांडपाण्याबरोबर मुळा-मुठेच्या दिशेने निघतो, आणि या जातीची औषधं माशांना अत्यंत घातक असतात. काही घरांत मोरीच्या जाळीवर डांबरगोळ्या ठेवतात. दोन-तीन गोळ्या, पांढऱ्या, झिजून वाटाण्याएवढ्या झालेल्या, बरोबर रांगत्या बाळाच्या हाताच्या उंचीवर. त्यांत नॅप्थलिन असेल तर काही बाळांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. चावल्यास दुखवणाऱ्या प्राण्यापासून वाचवण्यासाठी बाळाजवळ विष ठेवायचं, हा हिशेब मला कधी उमगलेला नाही.

६. तीन आक्षेप

पहिला: ‘गोम झुरळं खाते, मग राहू द्यावी.’ खाते, खरंच. झुरळ, रातकिडे, कोळी, मोठी घोण पालीचं पिल्लूसुद्धा. पण कुठलाही शिकारी आपली शिकार संपवून टाकत नाही; झुरळं संपण्याची वाट बघत गोम पाळणं म्हणजे दोन्ही पाळणं. टेकडीवरच्या मित्रांना एवढंच सांगणं आहे की बागेत, खतात, कुंडीखाली तिला खुशाल राहू द्या. महापालिका गांडूळखतासाठी मिळकतकरात सवलत देते. त्या खताच्या खड्ड्यात गोम असणं स्वाभाविक आहे. निजायच्या खोलीत मात्र तिला जागा नाही, आणि तसं म्हणण्यात निसर्गद्रोह नाही.

दुसरा: ‘घरात तान्हं मूल आहे, आम्ही कोबा सुकायची वाट बघत बसायचं?’ मुळीच नाही. दिसलेली गोम बाटलीखाली झाकून, खाली पुठ्ठा सरकवून बाहेर सोडा, नाहीतर मारा. एका गोमेच्या जिवावर माझा लेख अडलेला नाही. तिला मारून काम झालं असं समजण्यावर अडलेला आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: ‘भाड्याने राहणारा माणूस फरशी कशी उखडणार?’ बरोबर आहे. त्याच्या हातात लहान कामं आहेत, पण ती फवारणीपेक्षा स्वस्त आणि टिकाऊ आहेत. न वापरलेल्या प्रत्येक ट्रॅपमध्ये आठवड्याला तांब्याभर पाणी ओतायचं. उघडझाप होणारी जाळी बसवायची. बाथरूमच्या दाराखाली रबराची पट्टी लावायची. आंघोळीनंतर फरशी वायपरने ओढून पंखा चालू ठेवायचा. बादली पालथी घालायची. रात्रभर भरलेली बादली उचलली की तिच्या बुडाखाली जो ओला गोल दिसतो, गोम दिवसा नेमकी तिथे असते. पायपुसणं रोज उन्हात टाकायचं, निदान वाऱ्यावर. अंथरूण भिंतीपासून वीतभर दूर आणि चादरीची टोकं जमिनीला न टेकणारी. झुरळांसाठी फवारणीऐवजी जेल, कारण गोमेचं अन्न कमी झालं तर तिचं थांबण्याचं कारणही कमी होतं.

७. खर्च कुणाचा

यापुढची कामं मालकाची आणि संस्थेची. भिंतीला टेकलेला वाफा हात-दीड हात मागे घेणं, चेंबरची झाकणं घट्ट बसवणं, पाइप भिंतीत शिरतो तिथली फट सिमेंटने बुजवणं, आधारभिंतीमागचं पाणी वाहून जाईल अशी पन्हळ काढणं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक ड्रेनेज लाइनची गळती आणि पावसाचं पाणी झिरपणं यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाची असते. आपल्या फ्लॅटच्या आतल्या नळ-संडासाची ज्याची त्याने करायची. प्रत्यक्षात होतं असं की वार्षिक सभेत पेस्ट कंट्रोलचं कंत्राट दोन मिनिटांत मंजूर होतं आणि ड्रेनेजचा विषय ‘पुढच्या सभेत’ जातो. कारण फवारणी दिसते, तिचा वास येतो, काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. चेंबरची दुरुस्ती कुणाला दिसत नाही आणि तिला चौपट पैसे लागतात.

नव्या इमारतीत राहणाऱ्यांनी तर फवारणीच्या बिलावर सही करण्याआधी ताब्याची तारीख बघावी. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर भरपाई मागता येते. बाथरूमच्या फरशीखाली पाणी मुरणं हा कारागिरीचा दोष म्हणून मांडता येतो, आणि वारंवार निघणारी गोम त्याची पहिली खूण असू शकते, पोपडे येण्याच्याही आधीची. पत्र लेखी द्यावं, पोच घ्यावी, सोबत प्लंबरचा अभिप्राय जोडावा. गोमेचा फोटो जोडायलाही हरकत नाही. पण तो शेवटी, खालच्या मजल्यावरच्या छताच्या फोटोनंतर.